कॅरिबियन बेटांवर जाताना: दवाखाना, विमा आणि सुरक्षितता

वेस्ट इंडीज हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहे, पण तो एक देश नाही. वेगवेगळी बेटं, वेगवेगळी सरकारं आणि दवाखान्यांची परिस्थितीही वेगवेगळी. कोकणातली आणि गोव्यातली बरीच मुलं क्रूझ जहाजांवर नोकरीला आहेत आणि ही जहाजं वर्षातले कित्येक महिने याच बेटांमध्ये फिरतात. ग्रेनाडा, अँटिगा, बार्बाडोस इथल्या मेडिकल कॉलेजांत भारतीय मुलं शिकायला जातात. तिकीट, व्हिसा, फी याची चौकशी सगळे करतात. तिथे आजारी पडलं तर काय, हा प्रश्न मात्र शेवटी येतो किंवा येतच नाही.

दवाखाना कुठे, किती मोठा

मार्टिनिक आणि ग्वाडलूप ही बेटं फ्रान्सचाच भाग आहेत, तिथे मोठी विद्यापीठ रुग्णालयं आहेत. प्वेर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आहे. जमैकात किंग्स्टनजवळ मोना इथे विद्यापीठाचं रुग्णालय आहे, बार्बाडोसला ब्रिजटाउनमध्ये क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटल, त्रिनिदादला माउंट होपचं एरिक विल्यम्स संकुल. केमन बेटांवर २०१४ साली हेल्थ सिटी हे हॉस्पिटल सुरू झालं, ते आपल्या बंगळुरूच्या डॉ. देवी शेट्टींच्या नारायणा समूहाने उभं केलेलं. हृदयाच्या ऑपरेशनसाठी आजूबाजूच्या बेटांवरून तिथे पेशंट येतात.

पण साबा, कॅरियाकू, बार्बुडा अशी छोटी बेटंही आहेत. तिथे ताप, टाके, साधं फ्रॅक्चर इतपत निभावतं. हार्ट अटॅक, डोक्याला मार, मोठं भाजणं असं काही झालं तर पेशंटला दुसऱ्या बेटावर किंवा थेट मायामीला हलवावं लागतं. आपल्याकडे तालुक्याहून जिल्ह्याला गाडीने नेतात, तिथे मध्ये समुद्र आहे.

विम्यातली खरी गोम

म्हणून या भागासाठी पॉलिसी घेताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: पेशंटला विमानाने हलवण्याचा खर्च, ज्याला मेडिकल इव्हॅक्युएशन म्हणतात, तो किती रकमेपर्यंत मिळतो. एअर अॅम्ब्युलन्सचं बिल दहा-वीस हजार अमेरिकन डॉलर सहज होतं आणि पैशाची हमी मिळाल्याशिवाय विमान सहसा उडत नाही. इथे हॉस्पिटलच्या बिलापेक्षा हा खर्च घर बुडवतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. भारतात प्रवास विमा दोन प्रकारात मिळतो, अमेरिका-कॅनडा धरून आणि अमेरिका-कॅनडा वगळून. वगळून असलेला स्वस्त, आणि आपण म्हणतो, अमेरिकेला जायचंच नाही तर तो कशाला? पण पेशंटला हलवायची वेळ आली की मायामी किंवा प्वेर्तो रिकोतलं सान हुआन हीच नावं पुढे येतात, आणि दोन्ही ठिकाणं अमेरिकेत मोडतात. तेव्हा पैसे भरण्याआधी कंपनीला ई-मेलने विचारा: इव्हॅक्युएशन अमेरिकेत झालं तर विमा लागू आहे का? उत्तर लेखी घ्या. एजंटचं तोंडी "हो हो, सगळं कव्हर आहे" पुढे काही कामाचं नसतं. सोबत जाणाऱ्या नातेवाइकाकडे अमेरिकेचा व्हिसा नसेल तर पेशंट एकटा जातो, हेही घरात आधी बोलून ठेवावं.

पेशंटला हलवण्याआधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन झालाच पाहिजे. कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं हे कंपनी तिथल्या डॉक्टरशी बोलून ठरवते. घरच्यांनी परस्पर विमान ठरवलं तर क्लेम अडकू शकतो. पॉलिसी नंबर आणि तो फोन नंबर मोबाइलमध्ये तर ठेवाच, कागदावर लिहून पासपोर्टमध्येही ठेवा.

बीपी, शुगर, जुना हृदयविकार फॉर्ममध्ये लपवू नका. दारू पिऊन झालेला अपघात, लायसन्स नसताना भाड्याने घेतलेली स्कूटर, पाण्याखालचं डायव्हिंग हे बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं किंवा त्याला वेगळा हप्ता असतो. क्युबाने तर २०१० पासून बाहेरून येणाऱ्यांना आरोग्य विमा सक्तीचा केला आहे. केमनमध्ये नोकरीला गेलात तर आरोग्य विमा देणं मालकावर बंधनकारक आहे. कार्ड हातात आलं का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा.

बिल बघताना डॉलर कुठला हेही विचारावं लागतं. ग्रेनाडा, अँटिगा, सेंट लुशिया इथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला २.७० या ठरलेल्या दराने. बार्बाडोसचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या निम्मा. नुसतं "पाचशे डॉलर" ऐकून घरी फोन करून सगळ्यांची झोप उडवू नका.

जहाजावर असाल तर

खलाशी आणि क्रूझ कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. सागरी कामगार करार २००६ हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरीत असताना आलेल्या आजारपणाचा आणि दुखापतीचा खर्च जहाजमालकाचा. देशाच्या कायद्याने या खर्चाला मुदत घातली असली तरी ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असता येत नाही. बंदरावर उतरून डॉक्टरकडे जाण्याचा हक्कही आहे. या जबाबदारीसाठी मालकाने घेतलेल्या आर्थिक हमीचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं, त्याचा फोटो काढून घरी पाठवून ठेवा. क्रूझवर प्रवासी म्हणून गेलात तर मात्र जहाजावरचा डॉक्टर फुकट नाही. आणि प्रकृती जास्त बिघडली तर पेशंटला पुढच्या बंदरावर उतरवतात, जहाज निघून जातं.

डास, मासे आणि एक झाड

डेंग्यू आणि चिकुनगुनिया सगळीकडेच आहेत. मलेरिया हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. त्रिनिदाद बेटावर पीतज्वराचा, म्हणजे यलो फिव्हरचा धोका आहे. तिथून भारतात परतताना लसीचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, आणि सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची. एकदा घेतली की कार्ड आता आयुष्यभर चालतं.

मासे खाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक सूचना. बॅराकुडासारख्या, प्रवाळात राहणाऱ्या मोठ्या माशात सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. मासा ताजा असतो, वासही येत नाही. उलट्या-जुलाब होतात, आणि गार वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागते. स्थानिक लोक जो मासा टाळतात तो आपणही टाळावा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. फळ तोंडात घालू नये आणि पावसात त्याखाली उभंही राहू नये, चिकाने अंगावर फोड येतात.

वादळ आणि गुन्हे

१ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने डॉमिनिका बेट उद्ध्वस्त केलं. तिथलं रॉस मेडिकल विद्यापीठ आधी सेंट किट्सला उभ्या केलेल्या जहाजावर हलवलं, मग अमेरिकेत टेनेसीला, आणि २०१९ मध्ये बार्बाडोसला. बेरिल वादळ १ जुलै २०२४ ला ग्रेनाडाच्या कॅरियाकूवर आलं, तर मेलिसा २८ ऑक्टोबर २०२५ ला जमैकावर. वादळाला नाव पडल्यानंतर घेतलेला विमा त्या वादळाचं नुकसान सहसा देत नाही, त्यामुळे पॉलिसी तिकिटाबरोबरच घ्यावी.

हैतीला सध्या जाऊच नये. जमैका आणि त्रिनिदादच्या काही वस्त्यांत टोळ्यांचा त्रास आहे. रात्री कुठे जायचं नाही हे हॉटेलवाल्याला किंवा कॉलेजला विचारावं. आणि मुलांच्या बॅगेतली लष्करी छापाची पँट घरीच काढून ठेवा: बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैकासह अनेक बेटांवर साध्या नागरिकाने ती घालणं गुन्हा आहे. अॅम्ब्युलन्सचा नंबर बार्बाडोसला ५११, जमैकाला ११०, फ्रेंच बेटांवर १५.

मय्यत झाली तर

बोलायला जड विषय आहे, पण पॉलिसीत याचं कलम असतं. मृतदेह भारतात आणण्याचा खर्च किंवा तिथेच दफन करण्याचा खर्च, यापैकी एक ठराविक रकमेपर्यंत मिळतो. मायदेशी आणायला कागदपत्रांमुळे बरेच दिवस लागू शकतात. त्रिनिदादला १८४५ पासून गेलेल्या भारतीय मजुरांचे वंशज आहेत, त्यांत मुसलमानही आहेत. तिथे मशिदी आणि दफनाची सोय आहे. लहान बेटांवर ती असेलच असं नाही. भारताची उच्चायुक्तालयं पोर्ट ऑफ स्पेन आणि किंग्स्टनला आहेत, क्युबात हवानाला दूतावास आहे. अनेक लहान बेटांचं काम शेजारच्या देशातली कार्यालयं बघतात. आपलं बेट कुठल्या कार्यालयाकडे येतं हे निघण्याआधी शोधा, आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंदणी करून तो तपशील घरी कुणाकडे तरी देऊन जा.