देशकालज्ञ राजा : श्रीमंत सयाजीराव गायकवाड

कोणत्याही कर्माचा निर्णय करताना देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार करावा, असे धर्मशास्त्र सांगते. दान अथवा प्रायश्चित्त यांच्या प्रसंगी आपणांस या सूत्राचे स्मरण होते. परंतु समाजाची धुरा वाहणाऱ्या पुरुषासही तेच सूत्र लागू आहे. काळ झपाट्याने पालटू लागला म्हणजे जुने ते सारे घट्ट धरून बसणे अथवा सारे एकदम टाकून देणे, हे दोन सोपे मार्ग पुढे दिसतात. टिकवावयाचे काय, पालटावयाचे काय आणि तो पालट लोकांस कोणत्या गतीने सोसेल, याचा विवेक करीत चालणे हा तिसरा मार्ग होय. आणि तो फार थोड्यांस साधतो. वडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड हे अशा थोड्यांपैकी एक होते.

मठाच्या स्मरणिकेत राजचरित्र कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. महाराजांच्या कारकिर्दीतील काही निर्णय पाठशाळा, पौरोहित्य आणि शास्त्राध्ययन यांच्या अगदी मर्मास जाऊन भिडले होते. म्हणून त्यांचा विचार आपण भक्तजनांनी करणे अप्रस्तुत होणार नाही.

महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. एप्रिल 1875 मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले आणि त्याच वर्षी 27 मे रोजी खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांनी या बारा वर्षांच्या शेतकरीपुत्रास दत्तक घेतले. खेड्यातून आलेला मुलगा एकाएकी गादीवर बसला. दिवाण सर टी. माधवराव आणि शिक्षक एलियट यांच्या देखरेखीखाली त्याचे अध्ययन झाले व 28 डिसेंबर 1881 रोजी राज्याचे पूर्ण अधिकार त्याच्या हाती आले. शिकण्याची ही सवय मात्र गादीवर बसल्यावरही सुटली नाही. महाराजांच्या पुढील सर्व यशाचे बीज आम्हांस येथेच दिसते.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे उदाहरण पाहावे. बडोदे संस्थान सलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे प्रांत गुजरात व काठेवाडात विखुरलेले होते. राजाज्ञेने साऱ्या राज्यात एका दिवसात सक्ती लागू करणे महाराजांस अशक्य नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. 1893 मध्ये अमरेली गाव आणि आसपासची मोजकी खेडी एवढ्यापुरताच हा प्रयोग आरंभिला. मुली शाळेत येतील काय, शेतीच्या हंगामात मुलांचे काय करावे, शिक्षक कोठून आणावेत, हे प्रश्न ग्रंथांतून सुटणारे नव्हते; ते गावातच सुटावयाचे होते. मध्यंतरी 1899-1900 चा घोर दुष्काळ आला. 1891 च्या शिरगणतीत चोवीस लाखांवर असलेली संस्थानची लोकसंख्या 1901 मध्ये साडेएकोणीस लाखांवर उतरली. एवढ्या आघातानंतरही तो संकल्प मोडला नाही, आणि 1906 मध्ये सक्तीचे शिक्षण सर्व संस्थानात लागू झाले. 1911 मध्ये नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता. आधी लहान क्षेत्रात पाहावे, मग विस्तारावे. ही महाराजांची रीत होती.

साक्षर झालेला मनुष्य वाचावयास काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतो, हेही त्यांनी ओळखले. 1910 मध्ये अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालास आणून त्यांनी ग्रंथालयांची योजना आखविली. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी काही वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम पंचायतीने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम केला. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. कल्पना परदेशी होती, परंतु गावाचा तिसरा हिस्सा तीत घातल्यामुळे ती गावाची झाली.

आता आम्हां पाठशाळेतील मंडळींच्या विषयाकडे वळू. श्रावणमासात ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची प्रथा गायकवाडी राज्यात जुनी होती. महाराजांनी दक्षिणा बंद केली नाही. तिला परीक्षेची जोड दिली. जो शास्त्रात उत्तीर्ण होईल त्यास त्याच्या योग्यतेप्रमाणे दक्षिणा मिळावी, अशी व्यवस्था झाली. दानाचा संकल्प राहिला आणि पात्रविचार, जो शास्त्रानेच सांगितला होता, तो पुन्हा जागा झाला. पुढे 1915 मध्ये पुरोहितांसंबंधीचा कायदा आला. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन आपली पात्रता सिद्ध करावी, असा त्याचा आशय होता. तो अनेकांस रुचला नाही, आणि धर्मकार्यात राजाने किती हात घालावा हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. परंतु एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्याच 1915 मध्ये बडोद्यात संस्कृत महाविद्यालयाची स्थापना झाली. परीक्षा मागणाऱ्या राजाने अध्ययनाचे स्थानही दिले.

प्राचीन विद्येविषयी त्यांचा आदर केवळ बोलण्यापुरता नव्हता. पाटणच्या जैन भांडारांतील हस्तलिखितांचे परीक्षण चिमणलाल दलाल यांच्याकडून त्यांनी करविले. 1916 मध्ये राजशेखराच्या काव्यमीमांसेने ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ सुरू झाली आणि 1927 मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभे राहिले. वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती याच संस्थेने 1975 मध्ये पूर्ण केली. जो राजा नवे आणण्यात सर्वांपुढे होता, त्यानेच ताडपत्रे कसरीच्या तोंडून सोडविली, हे विसरता येणार नाही.

तथापि राजाच्या शक्तीलाही मर्यादा असते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी आरंभापासून शाळा काढल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले आणि पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांस बोलाविले. योजना अडली की माणूस बदलावा, हेतू सोडू नये, हे यातून दिसते. 1913 मध्ये महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन भीमराव आंबेडकरांस अमेरिकेस पाठविले. 1917 मध्ये ते विद्वान होऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, परंतु राजधानीत त्यांना राहावयास घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले आणि अखेर त्यांनी शहर सोडले. राजाची शिष्यवृत्ती न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. राजधानीतल्या उंबरठ्याच्या आत मात्र ती जाऊ शकली नाही.

या प्रसंगाचा दोष एकट्या राजाच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. धुरीण दोन पावले पुढे टाकू शकतो. तिसरे पाऊल अनुयायांनी टाकावयाचे असते. शाळा, ग्रंथालय, परीक्षा यांत लोकांचा हिस्सा होता, म्हणून त्या गोष्टी रुजल्या. जेथे लोकांनी आपला हिस्सा घातला नाही, तेथे राजाज्ञाही दाराबाहेरच राहिली.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराजांचा देहान्त झाला. पुढे दशकभरातच संस्थानही विलीन झाले. राज्य गेले, विद्यालये, ग्रंथालये आणि ग्रंथमाला राहिल्या. आपल्या मठाच्या या मंगल वर्षी आपणही स्वतःस विचारावे : आपल्या परंपरेतील टिकवावयाचे काय, पालटावयाचे काय, आणि त्यासाठी आपला तिसरा हिस्सा घालण्यास आपण सिद्ध आहोत काय? श्रीगुरुचरणी हाच प्रश्न ठेवून ही अल्प सेवा पुरी करतो.