खाडीपलीकडचे साष्टी : पनवेलकरांची पहिली स्वतंत्र बेटभ्रमंती

पनवेलहून सुटलेली ठाणे लोकल ऐरोली आणि दिघा मागे टाकून खाडीवरचा पूल ओलांडते, तेव्हा मुख्य भूमी सोडून आपण एका बेटावर उतरत आहोत, हे डब्यातील फारच थोड्या प्रवाशांच्या ध्यानात येते. या बेटाचे नाव साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी, अशी त्याची चतुःसीमा. सहासष्ट गावांचा मुलूख म्हणून साष्टी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. वांद्रे ते भाईंदर हे लोहमार्गाचे अंतरच २८ किलोमीटरच्या आसपास भरते. मुंबईची मूळ सात बेटे एकत्र केली, तरी ती साष्टीच्या मानाने लहानच ठरतात.

आईवडिलांचे बोट सोडून, सहल कंपनीच्या झेंड्यामागे न जाता, स्वतःच्या हिशेबाने पहिला प्रवास करू पाहणाऱ्यासाठी याहून सोयीचा प्रदेश जवळपास नाही. सारे काही रेल्वेच्या टप्प्यात आहे, भाषा आपली आहे, आणि चुकामूक झालीच तरी रात्री घरी परतता येते. पहिल्याच वेळी कोणी मुलगी एकटी निघाली, तर घरच्यांच्या चिंतेला निदान गाडीच्या वेळापत्रकाचे उत्तर देता येते. मात्र 'मुंबई दर्शन'च्या धर्तीवर एका दिवसात दहा ठिकाणे उरकण्याचा हट्ट धरू नये. साष्टीसाठी तीन स्वतंत्र दिवस ठेवावेत आणि बेट कडेकडेने पाहावे. त्याचा सारा इतिहास खाडीच्या काठाने घडलेला आहे, आणि आतल्या डोंगरात आहे ती त्याहून जुनी वस्ती.

दिवस कोणता निवडावा, हा पहिला प्रश्न. रविवारी उपनगरी मार्गांवर बहुधा मेगाब्लॉक असतो. सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरीची लेणी बंद असतात. नोकरदारांसाठी म्हणून शनिवारच उत्तम. ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कान्हेरीचे रूप खुलते हे खरे, पण शेवाळलेल्या पायऱ्या आणि प्रवाहांना आलेले पाणी नवख्या माणसासाठी नाही.

पहिला दिवस ठाण्याचा ठेवावा, कारण पनवेलहून थेट गाडी आहे आणि कुठेही बदलावी लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्यातच थांबली होती. स्थानकाजवळच मासुंदा तलाव आणि त्याकाठचे कोपिनेश्वर मंदिर आहे. ठाण्याचा खरा ऐवज मात्र किल्ला, आणि नेमका तोच आतून पाहता येत नाही. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाशी झालेल्या तहान्वये १५३४ मध्ये वसईसह साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३०च्या सुमारास त्यांनी ठाण्याचा कोट बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला आणि पाठोपाठ बेटाचा बहुतेक भाग त्यांच्या हाती आला. वसईचा विजय त्यानंतर दोन वर्षांनी, १७३९ मध्ये मिळाला. शाळेच्या पुस्तकात वसईचा वेढा भरभरून येतो, साष्टीची मोहीम एका ओळीत आटोपते. वसईचा मार्ग ज्या भूमीवरून मोकळा झाला ती पाहिल्यावर हे प्रमाण बरोबर वाटत नाही.

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणे घेतले आणि १७८२च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे राहिली. किल्ल्याचा तुरुंग झाला. गंगाधरशास्त्री पटवर्धन खून प्रकरणात येथे कैदेत ठेवलेले त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये येथूनच निसटले. नाशिकच्या जॅक्सन वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. आजही तेथे मध्यवर्ती कारागृह असल्याने बाहेरूनच तट पाहून पुढे निघावे आणि छायाचित्रे काढण्याच्या भानगडीत पडू नये.

ठाण्याहून बोरिवलीकडे जाणारी बस घोडबंदर मार्गाने बेटाची उत्तर कड धरून जाते. डावीकडे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि उजवीकडे, इमारतींच्या फटींतून, वसईची खाडी दिसते. घोडबंदर गावाजवळच्या टेकडीवरचा छोटा किल्ला पोर्तुगीजांचा. येथे अरबी घोड्यांचा व्यापार चाले म्हणून हे नाव पडले, असे म्हणतात. खाडीचे पात्र किती मोक्याचे होते, हे बुरुजावर उभे राहिल्यावर नकाशाविना उमगते. येथून मागे ठाण्याला येऊन घरची गाडी धरावी. त्याच दिवशी वसईचा किल्लाही गाठण्याचा मोह होईल. भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान २०२४ पासून रो-रो बोटही सुरू झाली आहे. पण वसईला एक अख्खा दिवस हवा, आणि ती साष्टीबाहेर आहे.

दुसरा दिवस पूर्णपणे कान्हेरीचा. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेकडून उद्यानाचे प्रवेशद्वार चालत गाठता येते. तेथून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि पुरातत्त्व खात्याचे वेगळे, हे माहीत नसल्याने अनेकांचा वरच्या दारात विरस होतो. पाणी व शिधा खालूनच न्यावा, मात्र माकडांपासून पिशवी जपावी.

काळ्या पाषाणात शंभरहून अधिक लेणी, आणि हजारभर वर्षे नांदता राहिलेला बौद्ध भिक्षूंचा संघ. एवढ्या मोठ्या विस्ताराचे दुसरे लेणे या परिसरात नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीतील दोन भव्य बुद्धमूर्ती सारेच पाहतात. त्याहून रमावे ते वरच्या टप्प्यांवर. जवळजवळ प्रत्येक विहाराशेजारी पाण्याची पोढी खोदलेली आहे. डोंगरावर पडलेले पाणी चर काढून तिच्यात उतरवलेले दिसते. पावसाच्या चार महिन्यांवर उरलेले आठ महिने भागवण्याची ही व्यवस्था पाहताना, याच डोंगररांगेत इंग्रजांनी मुंबईसाठी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले, याचे नवल वाटत नाही. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्यांची ओढ समजण्यासारखी असली, तरी आजच्या पाहुण्याने तो कित्ता गिरवू नये! उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. ती माणसांची घरे आहेत, विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नये. बिबट्याचा वावर असल्याने आडवाटा टाळून शेवटच्या बसच्या बऱ्याच आधी खाली यावे.

परतताना हाताशी वेळ असेल, तर बोरिवली पश्चिमेचे मंडपेश्वर लेणे पाहावे. शैव लेणे, पोर्तुगीज काळात त्याचे झालेले चर्च, माथ्यावर मठाच्या इमारतीचे अवशेष, भिंतीत कोरलेला क्रूस आणि आज पुन्हा चालू असलेली पूजा. साष्टीचा दीड हजार वर्षांचा इतिहास एका जागी पाहायचा असेल, तर तो येथे दिसतो.

तिसऱ्या दिवशी पश्चिम किनारा. पनवेलहून वडाळ्याला गाडी बदलून हार्बर मार्गानेच जोगेश्वरी गाठता येते. पूर्वेकडील जोगेश्वरीचे लेणे सहाव्या शतकातील, देशातील आरंभीच्या मोठ्या हिंदू लेण्यांपैकी एक. ते चहूबाजूंनी वस्तीने वेढलेले आहे, तेव्हा रिक्षावाल्याला 'गुंफा' म्हणून विचारावे. तेथून अंधेरीमार्गे वेसावे, आणि तरीने मढ. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने तो बाहेरूनच पाहावा लागतो. तरीच्या फेऱ्या पावसाळ्यात बंद असतात, एरवीही पाण्याचा अंदाज हवा. कोकणातील जुना हिशेब कामी येतो. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

दिवस कलण्यापूर्वी वांद्र्याच्या किल्ल्यावर यावे. १६४०चा हा पोर्तुगीज कोट माहीमच्या खाडीवर पहारा ठेवी. मराठ्यांच्या हाती तो पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याचा बराचसा भाग पाडला. समोरचे माहीम साष्टीच्या बाहेरचे, मुंबई बेटावरचे. मधली खाडी ओलांडायला १८४५ पर्यंत होडीच लागे. त्या वर्षी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांतून माहीमचा कॉजवे झाला. वांद्र्याहून हार्बरची गाडी धरून वडाळा, आणि तेथे पनवेल लोकल. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत वडाळ्याला चढणे नवख्याच्या आवाक्यातले नसते. तेव्हा एक तर पाचच्या आत निघावे, नाही तर किल्ल्यावर आणखी थोडे बसून साडेआठनंतर निघावे.