वाइन-आस्वाद : सोलापूर जिल्ह्यातील इतिहास

वाइन म्हणजे द्राक्षरसाच्या किण्वनाने तयार होणारे, ऊर्ध्वपातन न केलेले मद्य. वाइनचा रंग, गंध व चव यांची क्रमवार पारख करणे, द्राक्षाचा वाण, जमीन, हवामान व निर्मितिप्रक्रिया यांच्याशी त्या गुणांचा संबंध जोडणे आणि हे ज्ञान चाखणीच्या बैठका, द्राक्षमळ्यांचे प्रवास व स्नेहभोजने यांतून मिळविणे, यास वाइन-आस्वाद म्हणता येईल. फ्रान्स, इटली इ. देशांत ही परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात मात्र ती विसाव्या शतकाच्या अखेरीस रुजू लागली. सोलापूर जिल्ह्यातील तिचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. कारण अवर्षणप्रवण शेती, वारकरी संप्रदायाची निर्व्यसनी परंपरा आणि परदेशी तंत्रज्ञानावर आधारलेला नवा उद्योग ही तिन्ही येथे एकत्र आली आहेत.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख : वाइन तिच्या उत्पत्तिस्थानावरून ओळखण्याची पद्धत भारताला अपरिचित नव्हती. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून केलेल्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून, कापिशायन व हारहूरक ही त्याची दोन नावे प्रदेशांवरून पडल्याचे सांगितले आहे. पानागारात स्वतंत्र दालने, शय्या व आसने, सुगंधी द्रव्ये, पुष्पमाला व पाणी यांची सोय असावी, असाही निर्देश तेथे आहे. त्याचबरोबर मद्यविक्रीवर राज्याचे कडक नियंत्रण असे. आस्वादाची सोय आणि सेवनाचे नियमन या दोन्ही बाबी एकाच प्रकरणात याव्यात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द एरिथ्रीयन सी या ग्रंथात भडोच (बॅरिगाझा) बंदरात इटली, लाओडिसिया व अरबस्तान येथील मद्ये येत असून त्यांत इटलीच्या मद्यास अधिक पसंती होती, अशी नोंद आढळते. याच ग्रंथात उल्लेखिलेले तगर म्हणजे सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर होय. तगरचा माल पैठणमार्गे भडोचला जाई. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननात भूमध्यसागरी बनावटीच्या कुंभांचे (अँफोरांचे) तुकडे मिळाले आहेत. त्यावरून दख्खनच्या अंतर्भागातही हा माल काही प्रमाणात पोहोचत असावा.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत कोशग्रंथात राजाच्या विविध क्रीडांचे वर्णन असून त्यांत मदिरापानक्रीडेचाही समावेश आहे. सोलापूरचा प्रदेश त्या काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. मात्र असे रसिक पान राजसभेपुरते मर्यादित होते. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबाद येथील द्राक्षे व डाळिंबे यांची प्रशंसा केली असून तेथे वर्षातून दोनदा फळ येत असल्याचे नमूद केले आहे. उष्ण कटिबंधातील द्राक्षवेल पानगळ होऊन विश्रांती घेत नाही, ही बाब त्यावरून सूचित होते. दख्खनमधील द्राक्षशेतीचे सगळे तंत्र पुढे याच वस्तुस्थितीभोवती विकसित झाले.

मद्यनिषेधाची परंपरा : सोलापूर परिसरातील लोकमानसावर राजसभेतील रसिकतेपेक्षा संतांच्या शिकवणुकीचा ठसा अधिक खोल आहे. पंढरपूर हे वारकरी संप्रदायाचे पीठ याच जिल्ह्यात असून तुळशीची माळ धारण करणारा वारकरी मद्यमांस वर्ज्य मानतो. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत असून वीरशैव परंपरेतही मद्य निषिद्ध आहे. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्या पालख्या आषाढ महिन्यात माळशिरस तालुक्यातून जातात; तुकारामांच्या पालखीचे रिंगण अकलूज येथे होते. आजच्या द्राक्षमळ्यांचा प्रदेश हाच आहे. आषाढी एकादशीस राज्यात मद्यविक्री बंद असते.

स्वातंत्र्यलढ्यात मद्यनिषेधाला राजकीय अर्थ प्राप्त झाला. मे १९३० मध्ये महात्मा गांधींच्या अटकेनंतर सोलापुरात निदर्शने झाली. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्याच्या प्रसंगातून संघर्ष पेटला, गोळीबार झाला व त्यानंतर शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा येथे फाशी देण्यात आली. शिंदीचे झाड तोडणे हे परकीय सरकारच्या अबकारी उत्पन्नावर घाव घालणे होते. या स्मृतीमुळे सोलापुरात मद्याचा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहिला नाही. पुढे मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. तीत कालांतराने सवलती देण्यात आल्या; परंतु सेवनासाठी परवाना घेण्याची तरतूद कायम राहिली. शिंदी, देशी दारू व वाइन यांत सर्वसामान्य माणसाने भेद करावा, असे काही या दीर्घ काळात घडले नाही.

द्राक्षशेतीचा विकास : सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत असून त्याचे वार्षिक सरासरी पर्जन्यमान सु. ५५० मिमी. आहे. नीरा कालव्याच्या पाण्यावर माळशिरस तालुक्यात ऊसशेती वाढली आणि १९३० नंतरच्या दशकात माळीनगर व श्रीपूर येथे साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी न पोहोचणाऱ्या मुरमाड माळरानावर मात्र कमी पाण्याचे व अधिक मोलाचे पीक हवे होते. द्राक्षाने ती गरज भागविली.

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे गाव या संदर्भात महत्त्वाचे ठरले. येथील प्रयोगशील बागाईतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस या वाणातील उत्परिवर्तित वेली निवडून सोनाका हा लांबट मण्यांचा बिनबियांचा वाण विकसित केला. काळ्या मण्यांचा शरद सीडलेस हा वाणही नान्नजचाच. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघाची अधिवेशने व शिवारफेऱ्या यांतून शेतकरी एकमेकांच्या बागा पाहू लागले. मळ्यात जाऊन, मणी चाखून व प्रश्न विचारून शिकण्याची पद्धत सोलापुरात अशा प्रकारे वाइनच्या आधीच रूढ झाली होती.

येथील बागाईतदार वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते, तर ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या गोडी छाटणीनंतर फळ धरते. त्यामुळे काढणी जानेवारी ते मार्च या कोरड्या काळात येते. उत्तर गोलार्धातील यूरोपीय मळ्यांत ती ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होते. खाण्याच्या व वाइनच्या द्राक्षांत मूलभूत फरक आहे : वाइनची द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची व बियांची असतात. साल व बिया यांतून रंगद्रव्ये व टॅनिने मिळतात.

वाइन उद्योगाचा प्रारंभ : महाराष्ट्रात १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइनचे उत्पादन सुरू केले, ‘ओमर खय्याम’ या नावाने ती निर्यात होऊ लागली. नासिक येथे राजीव सामंत यांच्या सुला या संस्थेची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर करून अबकारी करात सवलत दिली आणि नासिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन उद्यानांची योजना आखली. या धोरणाने वाइनचा संबंध प्रथमच शेतमाल प्रक्रियेशी अधिकृतपणे जोडला गेला.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळील मोटेवाडी येथे २००७ च्या सुमारास ‘फ्रातेल्ली’ हा प्रकल्प आकारास आला. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की अशा तीन कुटुंबांतील बंधूंच्या जोड्या त्यात भागीदार असल्याने इटालियन भाषेतील ‘भाऊ’ या अर्थाचा अनेकवचनी शब्द त्यास देण्यात आला. तस्कनी प्रांतातील अनुभवी वाइनतज्ज्ञ प्येरो मासी यांच्याकडे निर्मितीची धुरा होती. यूरोपातून आणलेली कलमे मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथील सु. २४० एकर (सु. ९७ हेक्टर) क्षेत्रात लावण्यात आली. सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों या वाणांच्या मिश्रणाची ‘सेत्ते’ (सात) ही येथील प्रमुख लाल वाइन होय. सहा बंधू व सातवे मासी यांवरून हे नाव पडले. तस्कनीच्या क्यांती भागातील सांजोवेझे हा वाण माळशिरसच्या उन्हात कसा वागतो, हा प्रश्न त्यामुळे जगभरच्या जाणकारांपुढे आला.

आस्वादाची पद्धत : शास्त्रशुद्ध चाखणीत चार पायऱ्या मानतात. प्रथम पांढऱ्या पार्श्वभूमीवर पेला तिरका धरून रंग व नितळपणा पाहतात. नंतर पेला हलकेच फिरवून गंध घेतात. मग लहान घोट जिभेवर खेळवून गोडी, आम्लता, तुरटपणा व मद्यार्काची ऊब यांचा समतोल जोखतात. शेवटी चव किती काळ टिकते ते पाहतात. चाखणाराने घोट थुंकून टाकणे हे सभ्यतेस धरूनच मानले जाते, कारण चाखणीचा हेतू पारख हा असतो. वर खाली निमुळत्या होत जाणाऱ्या चाखणीच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९७७ मध्ये निश्चित झाले. गंधांचे वर्गीकरण करणारे ‘गंधचक्र’ कॅलिफोर्नियातील अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले.

बाटलीवरील नाव झाकून केलेल्या चाखणीस विशेष महत्त्व आहे. स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे घेतलेल्या अशा चाखणीत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या वाइनांना अग्रक्रम दिला व प्रतिष्ठित नावांपुढे नव्या प्रदेशांना वाव मिळाला. हेच स्परिअर (मृत्यू २०२१) पुढे अकलूज येथे येऊन मासी यांच्यासह वाइनांच्या मिश्रणात सहभागी झाले. नव्या प्रदेशाची वाइन तिच्या गुणांवरच जोखली जावी, हे त्या चाखणीचे सूत्र अकलूजलाही तितकेच लागू होते.

भारतीय चाखणीपुढे भाषेचा प्रश्न आहे. पाश्चात्त्य परिभाषेतील ब्लॅक करंट, गूजबेरी इ. फळांचे गंध मराठी माणसाच्या स्मृतीत नसतात. त्याच्या ओळखीचे गंध जांभूळ, करवंद, पेरू, चिंच, कोकम, लवंग व पहिल्या पावसाने भिजलेली माती हे होत. गंध ओळखणे म्हणजे स्मृतीशी ताडून पाहणे असल्याने, स्थानिक शब्दांत केलेले वर्णनच अधिक नेमके ठरते. शेंगदाण्याची चटणी व काळे तिखट यांसारख्या सोलापुरी जेवणातील झणझणीत पदार्थांबरोबर तुरट लाल वाइनचा तिखटपणा वाढल्यासारखा वाटतो. त्यांना थंड व किंचित गोड पांढरी वाइन अधिक मानवते. मुंबईच्या सोनल हॉलंड या २०१६ मध्ये ‘मास्टर ऑफ वाइन’ ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

वाइन पर्यटन : इटलीत १९९३ मध्ये तस्कनीतील वाइननिर्मात्यांनी ‘खुली तळघरे’ हा उपक्रम सुरू केला व तो लवकरच देशभर पसरला. नासिक येथे सुला संस्थेने २००५ मध्ये चाखणीकक्ष उघडला आणि २००८ पासून संगीतमहोत्सव भरविण्यास प्रारंभ केला. याच सुमारास आलेल्या मंदीत काही मोठे कारखाने अडचणीत आले, द्राक्षांची खरेदी थांबली आणि नासिक परिसरातील अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. या द्राक्षाला खाण्याच्या बाजारात किंमत नसल्याने कारखाना बंद पडला की बाग निरुपयोगी होते. जाणता ग्राहक घडविणे ही उद्योगाची, तशीच बागाईतदाराचीही गरज आहे, हा या अनुभवाचा धडा होय.

अकलूजचे स्वरूप नासिकपेक्षा वेगळे आहे. ते सोलापूरहून सु. ११० किमी. असून मोठ्या शहरापासून दूर असल्याने येथे गर्दीचे महोत्सव न होता पूर्वनियोजित लहान गटांच्या भेटींवर भर राहिला. पाहुण्यांना मळा, द्राक्षे चिरडण्याची यंत्रे, तापमान नियंत्रित पोलादी टाक्या व ओकच्या पिंपांचे तळघर दाखवून शेवटी भोजनासह चाखणी घडविली जाते. काढणीच्या काळात पहाटे, उन्हापूर्वी घड तोडण्याचे काम चालते. ते पाहिलेल्यास पेल्यातील वाइनमागील श्रमांची जाणीव होते.

सामाजिक मूल्यमापन : मोठ्या किराणा दुकानांत वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला, तेव्हा जुना वाद पुन्हा उफाळला. द्राक्ष उत्पादकाचे हित हा समर्थकांचा, तर व्यसनाचा प्रसार हा विरोधकांचा मुद्दा होता. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. वाइनमध्ये सामान्यतः १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो आणि मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मद्यापायी संसार उद्ध्वस्त झालेल्या घरांत पारखीचा युक्तिवाद पटणे कठीण आहे. तसेच, माळरानावर वेल जगविणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या मालाकडे केवळ संशयाने पाहिले जाणे अन्यायाचे वाटते.

या दोहोंतील अंतर कमी करण्याचे सामर्थ्य आस्वादाच्या शिक्षणात कितपत आहे, यावर सोलापूर जिल्ह्यातील वाइनचे भवितव्य बव्हंशी अवलंबून आहे. अल्प प्रमाण, सावकाश पारख व उगमाची जाण या चाखणीच्या तीन अटी पाळल्या, तर ती द्राक्षशेतीच्या अभ्यासाचे एक अंग ठरते. त्या सुटल्या, तर तिचे आणि सामान्य मद्यपानाचे अंतर उरत नाही. नीरेच्या खोऱ्यात पालखीचा मार्ग व द्राक्षमळा शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींकडे राबणारा व चालणारा शेतकरी पुष्कळदा एकच असतो.