खोटं बोलणारी हार्डडिस्क

गोडादरा, लिंबायत, डिंडोली हा सुरतेचा पट्टा म्हणजे अर्धा खान्देशच. जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसं तापी व्हॅलीच्या गाडीने आली, लूमवर लागली, पुढे एम्ब्रॉयडरीच्या खात्यांत, म्हणजे कारखान्यांत, शिरली. आमच्याकडे कम्प्युटर आला तोही एम्ब्रॉयडरीच्याच मागोमाग. साडीची डिझाइन पंचिंगवाला स्क्रीनवर टाका-टाका बसवतो, तिची डीएसटी फाइल होते आणि ती मशीनपर्यंत न्यावी लागते. आधी फ्लॉपीने नेत, मग पेन ड्राइव्ह आला. एकच पेन ड्राइव्ह पंचिंगवाल्याकडून खात्यात, खात्यातून शेठच्या दुकानात, तिथून घरी पोरांच्या गाण्यांसाठी. व्हायरसला आणखी काय हवं होतं?

माझं दुरुस्तीचं दुकान त्याच काळातलं. "भाऊ, कम्प्युटर भलता हळू चालस," असं म्हणत गिऱ्हाईक सीपीयू काउंटरवर ठेवायचं. साधा व्हायरस अँटिव्हायरसला सापडे. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकरांच्या क्विक हीलचे डबे मी बरेच विकले, आणि त्या कंपनीची सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून झाली हे गिऱ्हाइकाला हटकून सांगितलं. आपल्या धंद्यातली माणसं, सांगायला काय जातं! पण रूटकिटची गोष्ट वेगळी. तो विंडोजच्या खाली बसतो आणि विंडोजलाच चुकीची उत्तरं देतो.

ही लबाडी जुनीच. 1986 साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला ब्रेन हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कम्प्युटर चालू होताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. कुणी तो सेक्टर वाचायला गेलं की मूळ, स्वच्छ सेक्टर पुढे करायचा. 2010च्या आसपास टीडीएल-4 या रूटकिटने हार्डडिस्कच्या पहिल्या सेक्टरवर नेमकं तेच केलं. मधल्या काळात, 2005 मध्ये, सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतही असला लपाछपीचा प्रोग्राम निघाला. विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांनी तो स्वतःच्याच कम्प्युटरवर पकडला. चोर नव्हे, नावाजलेली कंपनी! माझ्या मते रूटकिटच्या इतिहासातलं सर्वांत निर्लज्ज पान हेच.

फेब्रुवारी 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक अपडेट आला आणि अल्युरॉन रूटकिट बसलेले कम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले. लोकांनी शिव्या अपडेटला दिल्या. खरं तर विंडोजच्या आतले पत्ते त्या अपडेटने बदलले होते आणि रूटकिट जुन्याच पत्त्यांवर जात होता. आमच्याकडच्या चोरीच्या एक्सपीत अपडेटच बंद. त्यामुळे तेवढी सूचनाही आमच्या वाट्याला आली नाही.

उपाय एकच होता: आजारी मशीनला तिच्याच तब्येतीबद्दल विचारायचं नाही. हार्डडिस्क काढून दुसऱ्या कम्प्युटरला लावायची किंवा लिनक्सच्या सीडीवरून मशीन चालू करायची. मग तीच डिस्क दोनदा पाहायची, एकदा तिच्या विंडोजमधून, एकदा बाहेरून. ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये बाहेरून एखादी फाइल जास्त दिसली की चोर सापडला. कॅस्परस्कीचा टीडीएसएसकिलर, पोलंडचा जीमर ही फुकटची हत्यारं माझ्या सीडीत कायम असत. तरी शेवटी बहुतेक वेळा डीएसटी फाइली बाजूला काढून पहिला सेक्टर पुसायचा, मगच विंडोज नव्याने टाकायचं. पहिला सेक्टर तसाच ठेवून नुसती सी ड्राइव्ह फॉरमॅट करणाऱ्यांकडचे कम्प्युटर फिरून माझ्याकडे येत. तक्रार नाही, धंदाच होता तो.

2011 मध्ये जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्हचा ऑटोरन बंद झाला, विंडोज 8 बरोबर चालू होतानाच अनोळखी कोड अडवणारं सिक्योर बूट आलं, आणि आता डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. तरी एखाद्या खात्यात जुन्या मशीनशेजारी एक्सपीचा डबा अजून चालू असतो. तो आला की मी त्याची हार्डडिस्क आधी बाहेर काढतो. गिऱ्हाइकाला वाटतं, भाऊंनी अजून बटणही दाबलं नाही.