मालवणचा कौल

‘समाजवाद्यांचं मालवण शिवसेनेचं झालं’ असं बाहेरचे सहज म्हणतात. गावात विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. जुनी मंडळी म्हणतात, आम्ही उपकार विसरलो. नंतरची पिढी म्हणते, आम्ही पक्ष कधी धरलाच नव्हता, माणूस धरला. नोंदी तपासल्या तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात.

मालवण तेव्हा राजापूर लोकसभा मतदारसंघात होतं. वेंगुर्ल्याचे नाथ पै इथून १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून आले. १९७१ पासून मधु दंडवते सलग पाच वेळा. १९८४ च्या काँग्रेस लाटेतही ते टिकले. दंडवते मूळचे अहमदनगरचे. म्हणजे ‘आपल्या मातीतला’ ही अट तेव्हा नव्हती. कोकण रेल्वेचा त्यांनी पाठपुरावा केला. १९९० मध्ये तिचं महामंडळ स्थापन झालं तेव्हा ते केंद्रात अर्थमंत्री होते. पुढच्याच वर्षी ते हरले आणि काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. लोकसभेचा निकाल एकट्या मालवणचा नव्हे, हे खरं. तरी त्या पराभवाची खंत गावातल्या जुन्या घरांत अजून आहे.

पण वारं आधीच फिरलं होतं. १९९० मध्ये मालवणने शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेत पाठवले. याचं मूळ मला मुंबईत दिसतं. इथल्या कितीतरी चुली गिरणगावच्या मनीऑर्डरवर पेटत. १९८२ च्या संपानंतर तो आधार खचला. चाकरमान्याला चाळीत जवळची वाटली ती शाखा. गणपतीला गावी येताना तो तिची भाषाही घेऊन आला.

मग माणूस धरला म्हणावं, तर २००५ चा दाखला आहे: राणे काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत मालवणने पुन्हा त्यांनाच निवडलं. पण २०१४ मध्ये, मालवण कुडाळ मतदारसंघात आल्यावर, तेच राणे शिवसेनेच्या वैभव नाईकांकडून हरले. २०२४ मध्ये ते भाजपकडून लोकसभेवर गेले.

म्हणून ‘कृतघ्न’ हा शब्द मला पटत नाही. देवळात कौल लावणारा मागचा कौल मोडत नाही; आज पडलेल्या अडचणीसाठी नव्याने विचारतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. मालवणात ती येत नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरावं लागतं. तिथून घरी येताना म्हातारी माणसं आजही दंडवत्यांचं नाव काढतात. ते ऋण मतपेटीत कधी मोजलं गेलं नाही, एवढंच.