आहारातील अँटिऑक्सिडंट आणि प्रयोगप्राण्यांतील कोलेस्टेरॉल

ऑक्सिडीकरणाला विरोध करणारे आहारघटक प्राण्यांच्या शरीरातील कोलेस्टेरॉलची निर्मिती, वहन आणि उत्सर्जन यांवर काय परिणाम करतात, हे तपासणारी पोषणविज्ञानाची शाखा. ई आणि क जीवनसत्त्वे, बीटाकॅरोटीन, सेलेनियम, हळदीतील कुर्क्युमिन यांसारखे नैसर्गिक पदार्थ आणि बीएचटीसारखी खाद्यतेलांत घातली जाणारी कृत्रिम संयुगे हा तिचा मुख्य विषय. प्रोब्युकॉल हे खरे तर कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध. पण ते प्राण्यांना खाद्यात मिसळून दिले गेले आणि या क्षेत्रातील सर्वांत बोलका प्रयोग त्याच्यावरच झाला, म्हणून त्यालाही येथे जागा द्यावी लागते.

अँटिऑक्सिडंटमुळे कोलेस्टेरॉल उतरते, असे जाहिराती सर्रास सांगतात. प्रयोगशाळेतील पुरावा इतका सरळ नाही. रक्तातील कोलेस्टेरॉल कमी होणे वेगळे आणि धमनीची भिंत निरोगी राहणे वेगळे. प्राण्यांमध्ये या दोन गोष्टींची फारकत वारंवार दिसून आली आहे.

सुरुवात सशापासून : सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्यॉन खालातोव्ह यांनी १९१३ मध्ये सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना चारले. सशांच्या महाधमनीत मेदाचे थर धरले. हाच ॲथेरोस्क्लेरोसिसचा, म्हणजे धमनीच्या भिंतीत मेद साचण्याच्या विकाराचा, पहिला विश्वासार्ह प्रायोगिक नमुना. रॅट जातीच्या उंदरांत आणि कुत्र्यांत मात्र तसे थर धरेनात, त्यामुळे गवत खाणाऱ्या प्राण्याला कोलेस्टेरॉल चारून माणसाबद्दल काय कळणार, असा आक्षेप अनेक वर्षे घेतला गेला. त्यात तथ्य होतेच. पुढे १९७६ मध्ये इमाई, टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक अडचण दाखवली. बाजारात शुद्ध म्हणून मिळणारे कोलेस्टेरॉल हवेत पडून राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होते, आणि धमनीच्या पेशींना मोठी इजा या अशुद्धींपासून होते. म्हणजे जुन्या प्रयोगांतील सशांनी कोलेस्टेरॉलबरोबर त्याची ऑक्सिडीकृत रूपेही किती खाल्ली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नव्हता.

प्राण्याची निवड : या विषयात निष्कर्ष बराचसा प्राण्यावरून ठरतो. रक्तात कोलेस्टेरॉल एचडीएल, एलडीएल अशा मेद-प्रथिनांच्या कणांतून वाहून नेले जाते. रॅट आणि माऊस या दोन्ही उंदरांच्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएल कणांत असते. एचडीएलमधील कोलेस्टेरॉल इतर कणांकडे पोहोचवणारे सीईटीपी हे प्रथिन त्यांच्यात नसते. खाद्यात कोलेस्टेरॉल वाढले की त्यांचे यकृत अधिक पित्ताम्ले बनवून ते बाहेर काढू लागते. म्हणून रॅटचे कोलेस्टेरॉल चढवायचे तर खाद्यात कोलिक आम्ल हे पित्ताम्लही घालावे लागते. कधी अवटू ग्रंथीचे काम मंद करणारे रसायनही दिले जाते. अशा ओढूनताणून आजारी केलेल्या प्राण्यात एखाद्या फळाच्या अर्काने कोलेस्टेरॉल उतरले, तर तो परिणाम अर्काचा की कोलिक आम्लाच्या शोषणात आलेल्या अडथळ्याचा, हे वेगळे काढणे अवघड असते. सशात सीईटीपी भरपूर असते. गिनीपिगच्या रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः एलडीएलमध्ये असते, या बाबतीत तो माणसाला जवळचा.

जनुकीय दोष असलेल्या प्राण्यांनी पुढचा मार्ग खुला केला. जपानमधील कोबे विद्यापीठात योशिओ वातानाबे यांना १९७३ मध्ये साध्या खाद्यावरही कोलेस्टेरॉल चढलेले असणारा एक ससा आढळला. त्याच्यापासून वाढवलेल्या वाणाला वातानाबे ससा म्हणतात. त्याच्या पेशींवर एलडीएल उचलणारा ग्राहक सदोष असतो. १९९२ मध्ये रक्तातील कोलेस्टेरॉलचे कण उचलले जाण्यासाठी लागणाऱ्या अपो-ई या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले माऊस तयार झाले, आणि स्वस्त व झटपट वाढणारे म्हणून पुढे बहुतेक प्रयोगशाळांनी तेच पत्करले.

ऑक्सिडीकृत एलडीएल : अँटिऑक्सिडंटना या विषयात महत्त्व आले ते डॅनिएल स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या एका कल्पनेमुळे. धमनीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएलचे ऑक्सिडीकरण झाले की महाभक्षक पेशी ते मर्यादेपलीकडे गिळतात, मेदाने फुगून फेसाळ दिसू लागतात आणि थराचा पाया घालतात. हे खरे असेल तर कोलेस्टेरॉल तितकेच ठेवून केवळ ऑक्सिडीकरण थांबवले तरी थर कमी धरायला हवेत. १९८७ मध्ये वातानाबे सशांवर नेमकी हीच परीक्षा झाली. कॅलिफोर्नियात कॅर्यू, श्वेन्के आणि स्टाइनबर्ग यांनी एका गटाला प्रोब्युकॉल दिले, तर दुसऱ्या गटाचे कोलेस्टेरॉल लोव्हास्टॅटिन हे दुसरे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध देऊन जवळजवळ त्याच पातळीवर ठेवले. थर प्रोब्युकॉलच्या गटात कमी धरले. त्याच वर्षी जपानमध्ये तोरू किता यांच्या गटालाही प्रोब्युकॉलने वातानाबे सशांच्या धमन्या वाचतात असे आढळले. १९९१ मध्ये स्वीडनमधील ब्योर्कहेम यांनी सशांच्या खाद्यात बीएचटी घातले; त्या सशांच्या रक्तातील मेद उलट वाढले, तरी धमन्या अधिक स्वच्छ राहिल्या.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते तर ठीक होते. १९९७ मध्ये अपो-ई नसलेल्या माऊसना प्रोब्युकॉल दिले तेव्हा कोलेस्टेरॉल खाली आले आणि महाधमनीच्या मुळाशी थर मात्र वाढले. नंतरच्या कामात असे दिसले, की त्याच माऊसच्या महाधमनीच्या इतर भागांत प्रोब्युकॉल थरांना आळा घालते. एकाच प्राण्यात, एकाच औषधाने, धमनीच्या दोन ठिकाणी दोन उलटे परिणाम! थर कुठे मोजला हे न सांगणाऱ्या शोधनिबंधाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे. ई जीवनसत्त्वाने मात्र याच प्रकारच्या माऊसमध्ये थर कमी झाल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेही कोलेस्टेरॉलच्या पातळीत बदल न होता.

क जीवनसत्त्व आणि गिनीपिग : रॅट आणि माऊस आपले क जीवनसत्त्व यकृतात स्वतःच बनवतात. गिनीपिग आणि माणूस यांच्यात त्यासाठी लागणारे शेवटचे विकर नसते. म्हणून क जीवनसत्त्वाच्या अभावाचा अभ्यास साध्या रॅटवर करण्यात अर्थ नाही. ब्रातिस्लाव्हा येथील एमिल गिंटर यांनी गिनीपिगना स्कर्व्ही होणार नाही इतपतच, पण अपुरे क जीवनसत्त्व दीर्घकाळ दिले. त्यांच्या रक्तात आणि यकृतात कोलेस्टेरॉल साचले, कारण त्याचे पित्ताम्लांत रूपांतर होण्याची गती मंदावली होती. हे काम १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. यात एक गंमत आहे. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करणारी पहिली पायरी, म्हणजे त्याच्या सातव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसवणे, ही स्वतःच ऑक्सिडीकरणाची क्रिया आहे. म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखले जाणारे जीवनसत्त्व येथे शरीराला हवे असलेले ऑक्सिडीकरण चालू ठेवण्याच्या कामी येते.

हळद आणि तांबे : मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत सुब्बा राव, चंद्रशेखर, सत्यनारायण आणि श्रीनिवासन यांनी १९७० मध्ये कोलेस्टेरॉल चारलेल्या रॅटना कुर्क्युमिन दिले. रक्तातील आणि यकृतातील कोलेस्टेरॉल लक्षणीय उतरले आणि विष्ठेतून जाणारी पित्ताम्ले व कोलेस्टेरॉल वाढले. याचा अर्थ परिणामाची मुख्य जागा आतडे. खाद्यातील कुर्क्युमिनचे प्रमाण ०.१ टक्का होते, पण ते शुद्ध कुर्क्युमिन होते. भाजीत पडणाऱ्या हळदीत कुर्क्युमिनचा वाटा काही टक्केच असतो.

तांब्याची गोष्ट आणखी विचित्र आहे. परीक्षानळीत एलडीएलचे ऑक्सिडीकरण घडवायचे तर तांब्याचेच आयन टाकतात. लेस्ली क्लेव्हे यांनी मात्र १९७३ मध्ये दाखवले, की रॅटच्या आहारात जस्ताच्या मानाने तांबे कमी पडले की कोलेस्टेरॉल वाढते. तांबे हा सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या ऑक्सिडीकरणापासून बचाव करणाऱ्या विकराचाही घटक आहे.

खाद्य व मोजमाप : प्रयोगशाळांत रूढ असलेल्या एआयएन-९३जी या खाद्यात तेल खवट होऊ नये म्हणून टीबीएचक्यू हे अँटिऑक्सिडंट मुळातच घातलेले असते, शिवाय ई जीवनसत्त्वही. त्यामुळे अँटिऑक्सिडंट न दिलेला म्हणून तुलनेला ठेवलेला गट प्रत्यक्षात कोराच असतो असे नाही. मेदाचे ऑक्सिडीकरण मोजण्याची थायोबार्बिट्युरिक आम्लाची गुलाबी रंगाची चाचणी स्वस्त असल्याने सर्वत्र वापरली जाते. पण तो रंग शर्करेसारख्या इतर पदार्थांनीही येतो. केवळ या चाचणीवर उभे राहिलेले निबंध या विषयात फार आहेत.

माणसातील पडताळा : १९९४ मध्ये स्वीडनमधील चाचणीत प्रोब्युकॉलने मांडीच्या धमनीतील थरांवर फरक पडला नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या होप चाचणीत ९,५४१ रुग्णांपैकी ज्यांना रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण कमी झाले नाही. ब्रिटनमधील २००२ च्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत ई, क आणि बीटाकॅरोटीन एकत्र घेणाऱ्यांचे एलडीएल किंचित वाढलेच. त्याआधी २००१ मध्ये अमेरिकेतील १६० रुग्णांच्या एका चाचणीत सिम्व्हास्टॅटिन आणि नायासिन यांच्या जोडीला अँटिऑक्सिडंट दिल्यावर त्या औषधांनी होणारी एचडीएलमधील उपयुक्त वाढ मंदावली होती.