जॉबरचा प्रश्न

मुंबईच्या गिरणीत नोकरी मागायला जाणाऱ्याला अर्ज लिहावा लागत नसे. भोंगा व्हायच्या आधी दरवाजाशी जाऊन उभं राहायचं, जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, बाहेर आला की त्याच्या नजरेला पडायचं आणि त्याने विचारलंच तर चार वाक्यांत स्वतःला सांगायचं. गाव कुठलं, वाडी कुठली, कुणाचा मुलगा, मुंबईत कुणाच्या खोलीवर उतरलास. काम येतं का, हा प्रश्न बहुधा यायचाच नाही. काम आत गेल्यावर शिकवता येतं, माणूस कुणाचा आहे ते मात्र दारातच कळायला हवं, असा तो हिशेब होता.

आमचे दादा दुसरं महायुद्ध संपल्यावर संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले आणि लालबागला गावकीच्या खोलीत उतरले. त्या खोलीत त्यांची मुलाखतीची तयारी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही, कारण पुढे आयुष्यभर मी उमेदवारांची जी तयारी करून घेतली ती याहून फार निराळी नव्हती. रात्री जेवणं झाल्यावर खोलीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना समोर बसवलं आणि सांगितलं, “मामाचं नाव आधी घे, बापाचं मागून.” मामा त्याच जॉबरच्या हाताखाली रिंग खात्यात होता, बापाला मुंबईत कुणी ओळखत नव्हतं. दुसरी ताकीद होती, “शेतीचं बोलू नको.” घरी भाताची खाचरं आहेत म्हटलं की जॉबर ओळखायचा, हा मिरगाला गावी पळणार, पुन्हा गणपतीला आणि शिमग्याला. तेव्हा जमीन गहाण पडली आहे एवढंच सांगायचं. ते खरंही होतं, फक्त सगळं खरं नव्हतं. दादा हे सांगताना कधी ओशाळले नाहीत. आपल्या आयुष्यातलं कुठलं टोक पुढे करायचं आणि कुठलं मागे ठेवायचं हे त्यांना त्या एका रात्रीत कळलं होतं.

जॉबरला एवढी सत्ता का मिळाली हे समजून घ्यायला हवं. ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. वरचे अधिकारी बहुतेक इंग्रज किंवा पारशी, कामगार घाटावरचे आणि कोकणातले. सुताचा बाजार चढला की माणसं जास्त लागत, पडला की कमी, आणि रोजचे गैरहजर वेगळेच. ही वरखाली रोज सकाळी जुळवायची कुणी? ज्याला वस्ती माहीत आहे त्याने. जॉबर खोली मिळवून देई, खाणावळीत शब्द टाकी, नडीला उसने पैसे देई. त्याला उद्याही कामावर येईल आणि नाहीसा झालाच तर शोधता येईल असा माणूस हवा असे. म्हणून गाव, वाडी, मामा. दारात उभ्या पोराची ती गोष्ट हेच त्याचं तारण होतं, आणि खोटं निघालं तर मामाची मान जॉबरच्या हातात होती.

या गोष्टीला दामही पडायचा. नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी, ती टिकवल्याबद्दल पुन्हा दस्तुरी. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करायची. १९२९ मध्ये कामगारांच्या प्रश्नांवर नेमलेल्या व्हिटली आयोगाने हे सगळं नोंदवलं आणि १९३१ च्या अहवालात शिफारस केली की भरती जॉबरकडून काढून घ्या आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमा. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदलीवर, म्हणजे गैरहजरांच्या जागी तात्पुरती माणसं घेण्यावर, नियंत्रण आणणारी योजना सुरू केली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला बदलीची कार्डं द्यायची, त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. दारातल्या गोष्टीच्या जागी एक कार्ड आलं, निदान कागदावर. दादा आले ते यानंतर दहा-बारा वर्षांनी, तरी मामाचं नाव आधी घ्यावंच लागलं. कारण कार्ड कुणाला द्यायचं यावर जॉबरचा शब्द चालतच होता.

आणि काहींना ही गोष्ट सांगायची सोयच नव्हती. गाव सांगितलं की वाडी विचारणार, वाडी सांगितली की जात कळणार. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार चांगला, पण दलितांना तिथे शिरू देत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की साचेवाला सुताचं टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा. दलिताच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात घ्यायला तयार नसत. म्हणून दलित कामगार रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांतच राहिले. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. सगळ्या कामगारांच्या मागण्या मांडत असाल तर ही मागणीही त्यात हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. नोकरीच्या दारात स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे काय, याचा इतिहास लिहायचा तर तो मामाचं नाव घेऊन आत गेलेल्या माझ्या दादांपुरता लिहून चालणार नाही. ज्याने गाव बदलून सांगितलं, आडनाव गाळलं आणि रोज जेवणाच्या सुट्टीत धाकधुकीत डबा उघडला, त्याचाही तो आहे. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नावच ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं आहे. ती चोरी करायला लावणारा पहिला प्रश्न नोकरीच्या दारातच विचारला जात होता.

महायुद्धानंतर घरी परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सरकारने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा तिथे कळवणं बंधनकारक झालं. माझ्या पिढीची तरुण वर्षं तिथे नाव घालून कॉलची वाट बघण्यात गेली. १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, कारकुनांची भरती वाढली आणि गिरणगावातल्या दहावी-अकरावी झालेल्या मुलामुलींना भोंगा सोडून दुसरा रस्ता दिसायला लागला. संध्याकाळी शाळांच्या रिकाम्या वर्गांत मुलाखतीचे वर्ग भरायचे. आधी नोकरीला लागलेले कुणी दादा किंवा ताई ते घ्यायचे. मीही तिथेच शिकले. पहिला प्रश्न ठरलेला, स्वतःबद्दल सांगा. उत्तरही ठरलेलं, इंग्रजीत पाठ केलेलं: नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, भावंडं, शिक्षण, आवड वाचनाची. आमच्यातल्या बऱ्याच मुली पहाटे उठून आईबरोबर खाणावळीचं पीठ मळायच्या, बाजार करायच्या, गडी माणसांची उधारी वहीत मांडायच्या, आणि मुलाखतीत सांगायच्या की मला वाचनाची आवड आहे. मला त्याचं आजही वाईट वाटतं. नोकरी हिशेबाची होती आणि हिशेबाची गोष्ट घरी राहून जायची.

पुढे मी एका सरकारी उपक्रमाच्या कार्मिक विभागात लागले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू लागले. तेव्हा जाणवलं की जॉबरचा प्रश्न गेलेला नाही, त्याने नुसते कपडे बदलले आहेत. वडील काय करतात? राहता कुठे? हे प्रश्न विचारायला सोपे, त्यातून माणसाबद्दल मत बनवायलाही सोपं. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा खटला निकाली निघाला. तो अजय हासिया खटला म्हणून ओळखला जातो. लेखी परीक्षा १०० गुणांची, तोंडी ५० ची. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत आईवडील कोण, राहता कुठे एवढंच विचारलं, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानी आहे, असं न्यायालयाने सांगितलं, आणि मुलाखती टेप कराव्यात असंही सुचवलं. १९८५ मध्ये हरियाणाच्या नागरी सेवांच्या खटल्यात सर्वसाधारण उमेदवारांसाठी हा वाटा १२.२ टक्क्यांवर आणायला सांगितलं. आमच्या कार्यालयात या निकालांच्या प्रती फिरल्या तेव्हा जुने अधिकारी म्हणाले, मग माणूस ओळखायचा कसा?

त्याचं एक उत्तर अमेरिकेत आधीच तयार झालं होतं. जॉन फ्लॅनगन यांनी महायुद्धात अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना एक पद्धत बसवली आणि १९५४ मध्ये ती मांडली. माणूस कसा आहे हे विचारू नका, त्याने एका ठरावीक प्रसंगात काय केलं ते गोळा करा. १९७४ मध्ये डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या कंपनीने मुलाखतीसाठी त्याचा साचा केला: प्रसंग काय होता, तुमच्यावर काम काय होतं, तुम्ही काय केलं, परिणाम काय झाला. आज सगळे क्लासवाले हेच शिकवतात. कुणाचा आहेस हे बाजूला ठेवून काय केलंस हे विचारण्याची ही पद्धतशीर सोय होती, आणि ज्यांच्याकडे मामा नव्हता त्यांच्यासाठी ती फार मोठी होती.

तिचा उपयोग मी पहिल्यांदा पाहिला तो कार्यालयात नाही, आमच्या चाळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. चाळिशीतली माणसं आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहू लागली. आमच्या मजल्यावरचे एक काका साचेखात्यातले. पाकिटं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात यंत्रावर माणूस हवा होता. फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘साचेवाला’. एवढंच. पुढची जागा कोरी.

मी विचारलं, “काका, साच्यावर तुम्ही नेमकं काय करायचात?”

“साचे चालवायचो. अजून काय?”

मग एखादी पाळी आठवून सांगा म्हटलं. बराच वेळ काही सुचेना. मग बोलू लागले. खात्यात एवढा आवाज की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, खुणांनी बोलायचं. पण आपल्या चार साच्यांतला कुठला बिघडतोय ते कानाला कळतं. धोटा निसटून उडायच्या आधी ठोक्याची लय बदलते. एका रात्रपाळीला त्यांना तसा बदल लागला, साचा बंद केला, फिटरला बोलावलं. फिटर आधी चिडला, मग ठोका देणारी दांडी सैल झालेली सापडली. पलीकडे नवी बदली पोरं उभी होती, धोटा उडाला असता तर कुणाचा तरी डोळा गेला असता. ते हे सांगत होते आणि हाताने ठोका दाखवत होते, आधी बरोबर, मग जरा उशिरा.

हेच सांगा, म्हटलं. त्यांना पटेना. “हे काय सांगायचं? सगळेच करतात.” हे वाक्य मी नंतर कितीतरी उमेदवारांकडून ऐकलं. ज्यांनी हातांनी कामं केली त्यांना आपलं कसब सांगण्यासारखं वाटत नाही, आणि ज्यांनी फार काही केलेलं नाही ते मात्र स्वतःबद्दल सहज बोलून जातात. काकांनी ते सांगितलं. मालकाने खोदून विचारलं: साचा कसा थांबवलात, फिटर किती वेळाने आला, मग उत्पादन किती पडलं, खात्याच्या मास्तरने काय म्हटलं. काकांना सगळ्याची उत्तरं होती, कारण ते घडलेलं होतं. काम मिळालं. पगार गिरणीच्या निम्म्याहूनही कमी होता. ते काही त्यांच्या गोष्टीने बदलणार नव्हतं.

१ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’च्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. वशिला आणि पैसा यांना आळा घालण्यासाठी. जॉबरच्या दस्तुरीवर व्हिटली आयोगाने सुचवलेल्या उपायाचंच हे पुढचं पाऊल, आणि मला ते मान्य आहे. ज्या जागेसाठी गरिबाच्या पोराला घर गहाण टाकावं लागतं, त्या जागेची परीक्षा लेखीच बरी.

खासगी नोकऱ्यांत मात्र मुलाखत आहे आणि राहणार. निवृत्तीनंतर मी वस्तीतल्या मुलींचा सराव घेते. पहिल्या दिवशी त्या येतात त्या पाठ केलेलं घेऊन, हल्ली मोबाइलवर पाहून तयार केलेलं: संघर्षाची गोष्ट, शेवटी यश, डोळ्यांत पाणी. मी ते थांबवते. दुःखाचं प्रदर्शन मांडू नका, केलेलं काम सांगा. एकीच्या आजीची खाणावळ होती. कोविडच्या टाळेबंदीत दोघींनी घरपोच डबे सुरू केले, तेव्हा कुणाचे पैसे आले, कुणाचे राहिले याची वही हिने मोबाइलमध्ये उतरवली आणि दोन महिन्यांची थकलेली उधारी वसूल केली. आकडे तिला तोंडपाठ होते. हेच तिला सांगायचं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

हल्ली काही कंपन्या पहिली फेरी कॅमेऱ्यासमोर घेतात. पडद्यावर प्रश्न येतो, विचार करायला थोडा वेळ, मग उत्तर रेकॉर्ड. समोर माणूस नसतो. मला हे मुळीच पसंत नाही. काकांच्या गोष्टीला वजन आलं ते मालकाने खोदून विचारलं म्हणून. खरी गोष्ट उपप्रश्नाने पक्की होते, बनवलेली उपप्रश्नाने कोसळते, आणि उपप्रश्नच नसेल तर सफाईने बोलणारा जिंकतो. म्हणून आता सरावात आम्ही उलटं करतो. एकीने सांगायचं, बाकीच्यांनी खोदून विचारायचं: कधी, किती, मग, आणि तू नसतीस तर? विचारून विचारून जे उरतं, तेवढंच तिने कॅमेऱ्याला सांगायचं.